सरकारी पैशातून इलेक्ट्रिक बस घ्यायच्यात? मग बस सगळ्यात शेवटी घ्या

अनुदान मंजूर झाल्याची बातमी आली की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीची घ्यायची?" लगेच कॅटलॉग येतात, डेमो बस येते, साहेबलोक आत बसून एक चक्कर मारतात, आवाज नाही धूर नाही म्हणून सगळे खूश. आणि गडबड तिथेच सुरू होते. डिझेलची जुनी बस जाऊन डिझेलची नवी आली तर टाकी भरायची आणि रूटवर सोडायची एवढंच काम असतं, पण इलेक्ट्रिकमध्ये बस हा सगळ्यात सोपा भाग आहे, अवघड भाग म्हणजे शेड्यूल, डेपो, विजेचं कनेक्शन आणि करार, आणि हे चारही बसच्या आधी व्हावे लागतात. ज्यांनी उलटं केलं त्यांच्या कोऱ्या बस सीटवरचं प्लास्टिक पण न काढता डेपोत उभ्या असतात, कारण ट्रान्सफॉर्मर अजून बसायचाय.

म्हणून ज्यांच्या गळ्यात हे काम पडलंय त्यांच्यासाठी, ज्या क्रमाने करायला हवं त्याच क्रमाने लिहितोय.

आधी अनुदानाचा कागद नीट वाचा

सगळं अनुदान एकसारखं नसतं. काही ठिकाणी बसच्या किमतीतला वाटा मिळतो, काही ठिकाणी फक्त फरक मिळतो, म्हणजे ब्रिटनच्या झेब्रा योजनेत डिझेल बस आणि तेवढ्याच प्रवाशांच्या इलेक्ट्रिक बसच्या किमतीत जो फरक येतो त्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत पैसे देत होते आणि चार्जिंगच्या सोयींसाठीही ७५ टक्क्यांपर्यंत. भारतात केंद्राच्या फेम-२ योजनेत बसमधल्या बॅटरीच्या क्षमतेवर सबसिडी ठरायची, नंतर २०२३ ला आलेल्या पीएम ई-बस सेवेत चालवलेल्या किलोमीटरमागे १० वर्षं मदत असा हिशोब आला. हा फरक वरवरचा नाहीये. बॅटरीवर पैसे मिळत असतील तर विकणारा मोठी बॅटरी गळ्यात मारायला बघणार, किलोमीटरवर मिळत असतील तर बस उभी राहिली की तुमचंच नुकसान.

दुसरं म्हणजे अटी. अमेरिकेत केंद्राच्या पैशातून घेतलेली मोठी बस कमीत कमी १२ वर्षं किंवा ५ लाख मैल चालवावी लागते, त्याआधी काढली तर उरलेल्या आयुष्याएवढा केंद्राचा वाटा परत द्यावा लागतो. तिथेच झिरो-एमिशन प्रकल्पाच्या ग्रँटमधले ५ टक्के कामगारांच्या ट्रेनिंगसाठी बाजूला काढायची तरतूद आहे, जी मला तरी सगळ्यात शहाणपणाची अट वाटते. तुमच्या योजनेत अशा काय अटी आहेत, बस देशात बनलेली लागते का, जुनी बस स्क्रॅप केल्याचा दाखला द्यावा लागतो का, पैसे एकदम येतात की हप्त्याने, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ट्रान्सफॉर्मर, केबल, खोदकाम, शेड हे अनुदानात बसतं की नाही, हे एका पानावर लिहून भिंतीला चिकटवा. बऱ्याचदा बसला पैसे असतात आणि बसला वीज पोचवायला नसतात.

शेड्यूल घेऊन बसा, कॅटलॉग बाजूला ठेवा

आता खरं काम. डेपोतल्या प्रत्येक बसची दिवसभराची ड्युटी काढा. किती किलोमीटर, त्यात डेड किलोमीटर (प्रवासी न घेता रिकामी धावते ते) किती, चढ कुठे, गर्दी कधी, टर्मिनसवर किती मिनिटं थांबते, रात्री किती वाजता आत येते आणि पहाटे किती वाजता बाहेर पडते. हे कागदावरच्या टाइमटेबलवरून काढू नका, एक महिन्याचा खरा डेटा घ्या, कारण टाइमटेबलमध्ये रात्री ११ ला आत आलेली बस खरी पावणेबाराला येते आणि ती पाऊण तास चार्जिंगमधूनच जाणार असतो.

मग रेंजचा हिशोब. १२ मीटरची बस साधारण किलोमीटरला १ ते १.५ युनिट वीज खाते. एसी, गर्दी, चढ, सिग्नलवर थांबत जाणं आणि थंड देशात हीटर यावर आकडा वर जातो (खूप थंडीच्या ठिकाणी तर बॅटरी वाचवायला बसमध्ये इंधनावर चालणारा वेगळा हीटर लावतात, झिरो-एमिशनच्या नावाने हे जरा गमतीशीरच आहे पण ते असो). समजा ३२० युनिटची बॅटरी आहे. कॅटलॉगवाला १ युनिटने भागून म्हणणार ३२० किलोमीटर. पण बॅटरी शून्यापर्यंत कोणी वापरत नाही, २० टक्के शिल्लक ठेवून घरी यायचं असतं, म्हणजे उरले २५६ युनिट. किलोमीटरला १.२ धरले तर २१३ किलोमीटर. आता आठ-दहा वर्षांनंतरचं चित्र बघा, बॅटरीची ताकद ८० टक्क्यांवर आलेली असेल, म्हणजे ३२० ची झाली २५६, त्यातले २० टक्के राखीव ठेवून हातात २०५, आणि त्यात उकाड्याचा दिवस, बस खचाखच, एसी फुल, किलोमीटरला १.५. किती झाले? १३५-१४० किलोमीटर. तुमची ड्युटी याच आकड्यात बसली पाहिजे, पहिल्या दिवशीच्या २१३ मध्ये नाही.

बसत नसेल तर घाबरायचं कारण नाही, तीन वाटा आहेत. एकतर दुपारी गर्दी कमी असते तेव्हा बस डेपोत आणून तासभर चार्ज करायची. किंवा टर्मिनसवर पँटोग्राफ म्हणजे बसच्या छताला टेकणारा चार्जिंगचा हात लावायचा, ३०० किलोवॅट किंवा जास्त ताकदीने पाच-दहा मिनिटांत पुढच्या फेरीपुरतं भरतं, पण तो टर्मिनस पुढची १०-१२ वर्षं हलवायचा नाही हे नक्की असेल तरच. किंवा ड्युट्या कापून नव्याने बांधायच्या, लांबची ड्युटी दोन बसमध्ये वाटायची. चौथी वाट म्हणजे मोठी बॅटरी, ती सगळ्यांना सोपी वाटते पण बस जड होते, उभ्या प्रवाशांची क्षमता कमी होते, टायर लवकर जातात, आणि ते जास्तीचं वजन रोज विनाकारण फिरवत बसायचं.

हा हिशोब झाल्यावरच कळतं की १०० डिझेल बसच्या जागी १०० इलेक्ट्रिक पुरतील की ११० लागतील. अनुदानाचा अर्ज भरताना हा आकडा हातात नसेल तर नंतर कोणी जास्तीच्या १० बसला पैसे देत नाही.

वीज, वीज आणि परत वीज

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो म्हणून इथे सगळ्यात आधी अर्ज टाका. ४० बसचा डेपो धरू. प्रत्येकी दिवसाला २०० किलोमीटर, १.२ युनिट, म्हणजे बसला २४० युनिट आणि सगळ्या मिळून ९,६००. चार्जिंगमध्ये १० टक्के वाया जातात असं धरलं तर मीटरवर साधारण १०,६०० युनिट पडणार. रात्री ११ ते पहाटे ५ असे ६ तास मिळाले तर सरासरी लोड झाला जवळपास १,८०० किलोवॅट. आणि जर कसलंही नियोजन न करता सगळ्या ४० बस आल्या आल्या १२० किलोवॅटच्या चार्जरला लावल्या तर? ४,८०० किलोवॅट. तेवढ्याच बस, तेवढीच वीज, पण कनेक्शन अडीचपटीहून मोठं, आणि जिथे मॅक्झिमम डिमांडवर, म्हणजे महिन्यातल्या सगळ्यात जास्त लोडवर, बिल लागतं तिथे दर महिन्याला त्याचा भुर्दंड. म्हणून चार्जर घेताना लोड मॅनेजमेंटचं सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून घ्या, कुठली बस पहाटे आधी निघणार आहे ते बघून ते वीज वाटतं.

वीज कंपनीकडे जाताना पहिल्या २० बसचा लोड मागू नका, डेपोचा शेवटचा लोड मागा, टप्प्याटप्प्याने घेईन म्हणून सांगा. चर खोदायचा तो एकदाच, आत जास्तीचे पाइप टाकून ठेवायचे, स्विचगिअरची (वीज जोडायच्या-तोडायच्या पॅनलची) खोली पुढच्या हिशोबाने बांधायची, चार्जर मात्र बस येतील तसे घ्यायचे. उलटं केलं तर दर दोन वर्षांनी तोच रस्ता फोडायचा. फीडर म्हणजे डेपोला येणारी मुख्य लाइन शक्यतो दोन वेगवेगळ्या सबस्टेशनवरून घ्या, कारण रात्री चार तास वीज गेली तर सकाळी शहर थांबेल, आणि १,८०० किलोवॅटचा डिझेल जनरेटर ठेवणं म्हणजे एवढं सगळं करून परत तिथेच.

सोलरबद्दल सगळे विचारतात म्हणून सांगतो. छतावर लावा, चांगलंच आहे, ऑफिस-वर्कशॉपचं बिल कमी होईल, पण त्यावर बस चालतील असं भाषणात बोलू नका. १ किलोवॅटच्या पॅनलमधून दिवसाला साधारण ४ युनिट निघतात, वरच्या ४० बससाठी अडीच हजार किलोवॅटहून जास्त पॅनल लागतील, म्हणजे अडीच हेक्टरच्या आसपास जागा, आणि ते बनणार दिवसा जेव्हा बस रस्त्यावर असतात.

डेपोचं गणित मीटरमध्ये नाही, फुटात बिघडतं

डिझेल बस एकमेकींना चिकटवून लावता येतात, आधी आलेली मागे अडकली तरी चालतं. इथे प्रत्येक बसपर्यंत चार्जरची गन (केबलच्या टोकाचा प्लग) पोचायला हवी. बसचा चार्जिंग पॉइंट डावीकडे आहे की उजवीकडे की मागे, केबल किती लांब, चार्जरला गाडी धडकू नये म्हणून कठडा कुठे, एवढ्यातच पार्किंगच्या काही जागा जातात. जमिनीवर खडूने आखून, जुन्या बस लावून एकदा रंगीत तालीम करून बघा, हसण्यासारखं वाटेल पण ड्रॉइंगमध्ये न दिसणारं सगळं तिथे दिसतं. पाणी साचणारा डेपो असेल तर चार्जर उंच ओट्यावर. बॅटरी किंवा एसी छतावर असेल तर वर्कशॉपमध्ये वर चढून काम करायला कठड्याचा प्लॅटफॉर्म, आणि जुने जॅक-लिफ्ट नव्या बसचं वजन पेलतात का ते तपासा, इलेक्ट्रिक बस तशाच डिझेल बसपेक्षा टन-दोन टन किंवा त्याहूनही जास्त जड असू शकते.

आगीचा विषय टाळू नका. इलेक्ट्रिक बस डिझेलपेक्षा जास्त जळतात असं म्हणायचं नाहीये, पण लागली की वेगळी लागते, बॅटरीच्या आतून एकेक सेल पेटत जातो, विझल्यासारखी वाटून परत पेटते आणि थंड करायला भरपूर पाणी लागतं. २०२१ मध्ये जर्मनीत स्टुटगार्टच्या डेपोत आग लागून २५ बस गेल्या, २०२२ मध्ये पॅरिसमध्ये एकाच मॉडेलच्या दोन बस महिन्याभरात पेटल्यावर १४९ बस तात्पुरत्या बाहेर काढाव्या लागल्या. यातून घ्यायचं ते असं की बसच्या रांगांमध्ये मोकळी पट्टी किंवा भिंत, संशयित बस वेगळी लावायला लांबची एक जागा, पूर्ण डेपोची वीज तोडायचं एकच बटण गेटजवळ, आणि अग्निशमन दलाला बस यायच्या आधी बोलावून बॅटरी कुठे असते आणि केबल कुठे कापायची हे दाखवणं. आणि सगळ्या बस एकाच मॉडेलच्या घेतल्या तर एक दोष निघाला की सगळा ताफा बसतो, हे पण डोक्यात असू द्या.

करारात काय लिहून घ्यायचं

बस विकत घ्यायची की किलोमीटरवर चालवायला घ्यायची, म्हणजे बस दुसऱ्याची, चालवणारही तोच आणि तुम्ही किलोमीटरमागे पैसे द्यायचे, हा वाद जुना आहे. माझं मत विचाराल तर ज्यांच्याकडे स्वतःचं चांगलं वर्कशॉप आणि माणसं आहेत त्यांनी विकत घ्यायला हरकत नाही, बाकीच्यांनी किलोमीटरचा करार करावा पण डोळे उघडे ठेवून.

चिलीच्या सँटियागोचं उदाहरण बघण्यासारखं आहे. २०१८ च्या शेवटी तिथे पहिल्या १०० इलेक्ट्रिक बस आल्या तेव्हा बस बनवणारी कंपनी वेगळी, पैसा घालून बस आणि चार्जर पुरवणारी वीज क्षेत्रातली कंपनी वेगळी आणि चालवणारी तिसरीच. चालवणारा बदलला तरी बस शहरातच राहतात, पुढच्याला मिळतात, आणि भाड्याच्या हप्त्यामागे सरकारी व्यवस्थेची हमी असल्यामुळे पैसा घालणारा तयार होतो. हमीचा मुद्दा लहान समजू नका. भारतात २०२२ मध्ये पाच शहरांच्या ५,४५० बसचं एकत्र टेंडर काढलं, दर चांगले आले, पण शहरांच्या परिवहन संस्था वेळेवर पैसे देतील का या भीतीने कर्ज देणारे मागेपुढे बघत राहिले आणि शेवटी २०२४ मध्ये केंद्राला ३८,००० हून जास्त बससाठी पेमेंट सिक्युरिटीची, म्हणजे पैसे मिळायच्या हमीची, वेगळी योजना आणावी लागली. तुमच्या संस्थेची बिलं थकवायची सवय असेल तर ती टेंडरच्या दरात आपोआप चढून येते. एस्क्रो खातं (ठरलेल्या देण्यासाठीच वापरता येणारं बँक खातं) उघडा, महिन्याचे पैसे त्यात आधी पडू द्या.

करारात अजून काय. वीजबिल तुम्ही भरणार असाल तर किलोमीटरला किती युनिट याची मर्यादा घाला, त्यावरचं चालवणाऱ्याच्या खिशातून, नाहीतर खराब टायर-खराब ड्रायव्हिंग कशाचीच त्याला पर्वा राहत नाही. बॅटरीची ताकद दरवर्षी तुमच्यासमोर मोजायची, ठरलेल्या टक्क्याखाली गेली तर बॅटरीचं मोड्यूल बदलून द्यायचं, आणि "ठरलेली टक्केवारी" कशी मोजायची ती पद्धतही लिहायची, नाहीतर दोघांचे आकडे कधीच जुळणार नाहीत. चार्जर ओसीपीपीवर (चार्जर आणि सॉफ्टवेअरने एकमेकांशी बोलायची सगळ्यांना खुली पद्धत) चालणारे हवेत, उद्या दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर लावता यायला हवं. बसमधून निघणारा सगळा डेटा तुमचा, हे एक वाक्य स्वतंत्र कलम म्हणून टाका. कंपनी बुडाली तर? अमेरिकेतली प्रोटेरा शेकडो बस विकूनही ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. म्हणून महत्त्वाच्या पार्टचा साठा आणि निदान करायचं सॉफ्टवेअर, पासवर्डसकट, तुमच्या ताब्यात.

एक गोष्ट मात्र घाईत लिहू नका, खात्रीच्या किलोमीटरचा आकडा. चालवा न चालवा, तेवढ्या किलोमीटरचे पैसे द्यावे लागतात. रस्त्यावर ट्रॅफिक वाढला, फेऱ्या कमी झाल्या, तरी बिल तेवढंच.

माणसं

ड्रायव्हरला एक दिवसाचं ट्रेनिंग देऊन सोडतात, ते पुरत नाही. पायाखालचा अॅक्सिलरेटरचा पेडल सोडला की बस स्वतःच वेग कमी करते आणि ती वीज परत बॅटरीत जाते, हे ज्याला जमलं तो त्याच रूटवर त्याच बसमध्ये बऱ्यापैकी युनिट वाचवतो, ज्याला नाही जमलं तो ब्रेक दाबून सगळं उष्णतेत घालवतो आणि वर उभ्या प्रवाशांना झटके देतो. दर आठवड्याला ड्रायव्हरप्रमाणे किलोमीटरला किती युनिट याची यादी लावा, शिक्षा म्हणून नाही, चांगल्या चालवणाऱ्याला बाकीच्यांना शिकवायला बसवा. आणि बस आवाज न करता येते, डेपोत पायी फिरणाऱ्यांना सवय होईपर्यंत वेग एकदम कमी ठेवा.

मेकॅनिकची धास्ती खरी असते. वीस वर्षं इंजिन उघडलेल्या माणसाला सांगितलं की आता इंजिनच नाही तर त्याला वाटतं आपण गेलो. तसं नसतं, दरवाजे, सस्पेन्शन, एसी, हवेचे ब्रेक, स्टिअरिंग सगळं आहे तिथेच आहे, आणि बस बंद पडते ती पुष्कळदा मोठ्या बॅटरीमुळे नाही तर साध्या २४ व्होल्टच्या बॅटरीमुळे किंवा सैल कनेक्टरमुळे. नवीन शिकायचं ते म्हणजे ६०० व्होल्टच्या आसपासची लाइन. नारिंगी केबलला हात लावायच्या आधी वीज तोडायची, कुलूप लावून चावी खिशात ठेवायची, कपॅसिटर रिकामे व्हायला सांगितलेली मिनिटं थांबायचं, मीटरने शून्य बघायचं, तपासलेले रबरी हातमोजे घालायचे आणि एकट्याने कधीच नाही. हे शिकवायला बस यायची वाट बघू नका.

आता बस

इथपर्यंत आलात तर बस निवडायला आठवडा पुरे. ट्रायल घेताना सोपा रूट देऊ नका, सगळ्यात वाईट द्या. सीटवर वाळूच्या गोण्या ठेवून पूर्ण प्रवाशांएवढं वजन करा, एसी चालू, दुपारची वेळ, आणि विकणाऱ्याच्या नाही तुमच्या ड्रायव्हरने चालवायची. युनिट चार्जरच्या मीटरवरून मोजा, बसच्या स्क्रीनवरून नाही.

ताफा एकदम मागवू नका. सुरुवातीला एकाच डेपोत दहा-पंधरा, उन्हाळा आणि पावसाळा किंवा थंडी, एक पूर्ण वर्षाचं चक्र बघून पुढचे. चीनच्या शेंझेनने २०१७ अखेर १६,००० हून जास्त बसचा पूर्ण ताफा इलेक्ट्रिक केला हे सगळे सांगतात, पण त्यांनीही टप्प्याटप्प्यानेच केलं आणि मागे मोठं अनुदान होतं हे फारसं कोणी सांगत नाही. अनुदानाची मुदत गळ्याशी आली असेल आणि सगळ्या बस एकदम घ्याव्याच लागल्या तर निदान डिलिव्हरी टप्प्याने घ्या, चार्जर चालू झाल्याचा दाखला मिळेपर्यंत पुढचा लॉट फॅक्टरीतच राहू दे, कारण एकदा बस तुमच्या गेटमधून आत आली की वॉरंटीचे दिवस मोजायला सुरुवात होते.

प्रत्येक बस प्रत्येक प्रकारच्या चार्जरला लावून बघा. गन बसते पण चार्जिंग सुरूच होत नाही, बस आणि चार्जर एकमेकांशी बोलत नाहीत, हे पहिल्या महिन्यात हमखास होतं आणि दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात. म्हणून दोघांचे इंजिनियर एकाच वेळी डेपोत हवेत, ईमेलवर नाही.

जुन्या डिझेलपैकी दहा टक्के तरी वर्षभर चालू स्थितीत ठेवायला योजनेत परवानगी मिळते का ते विचारा. मिळाली तर महिन्यातून एकदा त्या रस्त्यावर काढा, नुसत्या उभ्या ठेवल्या तर लागतील तेव्हा सुरूच होणार नाहीत. आणि शेवटची डिझेल बस गेली म्हणून जमिनीखालची टाकी तशीच माती टाकून बुजवू नका, ती रिकामी करून, गॅस काढून, आजूबाजूच्या मातीत डिझेल मुरलंय का तपासून मगच काढायची, आणि हा खर्च कोणत्याच अनुदानात धरलेला नसतो म्हणून आत्ताच बजेटमध्ये टाका.